सिनेमे पाखडताना

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या भिशीत चांगलंच वाजलं. भिशी कुणाला लागली यावरून नाही हं, सिनेमावरून! आमच्यातल्या एक जुन्याजाणत्या बाई म्हणाल्या, "जुने सिनेमे काय होते बाई! संस्कार होते त्यात. आता नुसता धुडगूस." त्यावर शेजारची नवी सून फटकन बोलली, "काकू, तुमच्या जुन्या सिनेमात बाई रडण्याशिवाय दुसरं काय करायची, सांगा बरं?" झालं! चहा गार झाला, चिवडा तसाच राहिला आणि अकरा बायांचे अकरा पक्ष झाले. शेवटी सगळ्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पेपरात लिहिता नं, मग तुम्हीच निकाल द्या."

मी तिथं काही बोलले नाही. पण घरी येऊन तांदूळ पाखडायला बसले आणि डोक्यात तेच सुरू झालं. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचं पीक, त्यामुळं सूप प्रत्येकीच्या हातचं. पाखडताना कुणी विचारतं का, हा तांदूळ जुना की नवा? कोंडा उडाला पाहिजे आणि दाणा राहिला पाहिजे, बस! म्हटलं, सिनेमाही असाच पाखडून बघू.

माझं माहेर लाखांदूर तालुक्यातलं, सासर तुमसरचं. लहानपणी सिनेमा म्हणजे तंबूतली टुरिंग टॉकीज. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की तंबू लागायचा. मध्ये पडदा ओढून बायांची बाजू वेगळी. खाली तणीस अंथरलेली, वर थंडी. पण खरं सांगू, आमच्या झाडीपट्टीत सिनेमापेक्षा नाटकाचं वेड मोठं. रात्रभर नाटक आणि पहाटे घरी. त्या नाटकांत एके काळी बाईचं काम पुरुषच करायचे. सिनेमाचंही तेच होतं म्हणा! दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकींनी काम केलं, तेव्हा कुठं पडद्यावर खरीखुरी बाई आली. म्हणजे आपण पडद्यावर आलो त्याच मुळी उशिरा, आणि आल्यावरही बराच काळ दुसऱ्यांनी लिहून दिलेलंच बोललो.

मला आठवणारा पहिला सिनेमा 'जय संतोषी माँ'. तो १९७५ चा, आमच्या गावात यायला त्याला पुढं दोनेक वर्षं लागली. माझी आई तंबूच्या दाराशी चपला काढून आत गेली. आरती सुरू झाली तशी बायांनी पडद्याकडे पैसे टाकले. त्यानंतर आमच्या आळीत शुक्रवारी आंबट खाणं बंद! त्याच वर्षी 'शोले'ही आला होता, पण आमच्या आळीतल्या बायांना गब्बरपेक्षा ती छळ सोसणारी सून जवळची वाटली. आज हसू येतं. पण विचार केला की कळतं, त्या बायांना घरात दाद मागायला कुणी नव्हतं, म्हणून त्या पडद्यावरच्या देवीकडे मागत होत्या. सिनेमा कसाही असो, त्या बायांचं मागणं खोटं नव्हतं.

पुढं माझं लग्न झालं आणि १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला. आता खोटं कशाला बोलू? मी तो तीनदा पाहिला, आणि तिन्हीदा रडले. अलका कुबलच्या लक्ष्मीचा छळ, उषा नाडकर्णींची ती सासू... थिएटरात बायांचे हुंदके एकावर एक. विजय कोंडक्यांनी बायांची नाडी बरोबर ओळखली होती. मूळ गोष्ट राजस्थानी सिनेमाची, पण आम्हाला ती शेजारच्या घरातली वाटली. बाहेर आलो तेव्हा डोळे सुजलेले आणि मन कसं हलकं. घरी येऊन मी चूल पेटवली आणि जे काल करत होते तेच आज करू लागले. मला तो सिनेमा खटकतो तो इथं. त्यानं मला भरपूर रडू दिलं, पण विचारलं काहीच नाही. शिवाय त्यात वाईट कोण? तर दुसरी बाई! सासू वाईट म्हणून सून दुःखी. मुकाट्यानं ताटावर बसणाऱ्या पुरुषांकडे बोट दाखवायचं मात्र राहून जातं.

बोट दाखवण्यावरून 'पिंजरा' आठवला. १९७२ चा, शांतारामबापूंचा. डॉ. लागूंचा मास्तर काय, निळूभाऊ काय, गाणी काय, सगळंच उत्तम. पण मला एक सांगा, गावाला शहाणपण शिकवणारा, वयानं मोठा मास्तर तमासगिरीणीच्या फडात जाऊन पडतो, आणि आपण म्हणतो काय? "बाईनं मास्तरला बिघडवलं." अहो, त्याला पाय होते नं? परत यायचा रस्ता माहीत होता नं? सिनेमा मला आवडतो, आजही लागला तर हातातलं काम टाकून बघते. पण तेवढा कोंडा काढूनच.

आता जे सांगणार आहे ते जरा जड जातं.

'उंबरठा' १९८२ चा, डॉ. जब्बार पटेलांचा. तो थिएटरात आमच्याकडे कधी आला नि गेला, मला ठाऊक नाही. मी पाहिला तो दूरदर्शनवर, लग्नानंतर पाच वर्षांनी. तेव्हा माझी लेक तीन वर्षांची होती. स्मिता पाटीलची सुलभा शिकलेली, चांगल्या घरची. महिलाश्रमात अधीक्षकाची नोकरी मिळते म्हणून लेकीला घरी ठेवून दूरगावी जाते. तिथं खस्ता खाते, भांडते, शेवटी परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. तेव्हा ती पुन्हा उंबरठा ओलांडते. सिनेमा संपला आणि खोलीतल्या सगळ्यांचं एकमत झालं, "पोटच्या पोरीला टाकून गेली, कसली आई ही!" मीही मान डोलावली. चांगली जोरात डोलावली.

मैत्रिणींनो, त्याच आठवड्यात माझ्या बी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. कॉलेज नागपूरचं, वर्षभर तिथं राहावं लागलं असतं. ते पत्र मी घरात कुणाला दाखवलंच नाही. गव्हाच्या डब्याखाली ठेवलं. कुणी मला 'नको जाऊ' म्हटलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. त्या मान डोलावण्यात मी माझा निकाल स्वतःच लावून टाकला होता. पुढं शिकवण्या घेतल्या, संसार नीट झाला, तक्रार नाही. पण मग कळलं की 'उंबरठा'वर मला राग का आला होता. त्यानं मला रडू दिलं नव्हतं, त्यानं प्रश्न विचारला होता.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं जुने सिनेमे संस्कारी, तेव्हा मी विचारते, कोणता जुना? आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट ऐका. माझी लेक माहेरपणाला आली होती. तिनं मोबाइलवर 'कुंकू' लावला. प्रभातचा, १९३७ चा, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. शांता आपटेंची नीरा. मामा तिचं लग्न फसवून म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लावून देतो. ती सासरी येते, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडत बसत नाही. वरून घरातल्या उर्मट पोराला छडीनं झोडपते! आणि तिच्या बाजूनं उभी कोण राहते? त्या म्हाताऱ्याची पहिल्या बायकोपासूनची लेक, शकुंतला परांजप्यांनी केलेली. शेवटी म्हाताऱ्याला स्वतःलाच आपली चूक उमगते. त्या सिनेमात पार्श्वसंगीत म्हणून काही नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले आवाज तेवढे. त्यामुळं तिचा नकार आणखीच मोठ्यानं ऐकू येतो.

आम्ही दोघी बघत होतो आणि मागं खाटेवर माझ्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. आम्हाला वाटलं झोपल्यात. त्यांचं लग्न १९५६ साली, पंधराव्या वर्षी झालेलं. नवरा बिजवर, पहिलीची दोन पोरं पदरात. हे त्यांनी कधी दुःख म्हणून सांगितलं नाही, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसंच सांगितलं. सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा कवाचा सिनेमा व्हय वो?" लेकीनं सांगितलं, "आजी, तुझ्या लग्नाच्या एकोणीस वर्षं आधीचा." म्हातारी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हंजे असं बोलता येत होतं तवा? मले कोनी सांगतलंच नाही माय."

मला सांगा, याच्यावर मी काय बोलणार होते? मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत बसले.

तेव्हापासून मी सिनेमा पाखडायला तीन प्रश्न ठरवलेत. एक, त्यातली बाई निदान एकदा तरी 'नाही' म्हणते का? दोन, तिच्या हातात तिचे स्वतःचे चार पैसे आहेत का? आणि तीन, तिच्या बाजूनं दुसरी बाई उभी आहे का? फार मोठं शास्त्र नाही हे. आपल्या आयुष्याला लागतं तेवढंच.

लावून बघा. 'माहेरची साडी'त तिन्हीचं उत्तर शून्याच्या जवळ. 'कुंकू'त नकार आहे, साथ आहे, पैसे नाहीत. 'उंबरठा'त नकार आहे, नोकरी आहे, पण सुलभा एकटी आहे. म्हणूनच तो शेवट छातीवर दगड ठेवल्यासारखा वाटतो.

नवे सिनेमेही याच सुपात घ्या. २०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' मला का आवडतो? श्रीदेवीची शशी इंग्रजी शिकते म्हणून नाही. तर त्या क्लासची फी ती लाडू विकून साठवलेल्या पैशातून भरते म्हणून! नवऱ्याला तिचे लाडू म्हणजे गंमत वाटत होती. पण परमुलखात वेळेला तेच कामी आले. २०२४ चा 'लापता लेडीज' बघितलात का? किरण रावचा. घुंगटामुळं गाडीत नवऱ्या बदलतात, अशी गोष्ट. त्यातली फूल स्टेशनावर चुकते आणि मंजूमाईच्या टपरीवर काम करून पहिली कमाई हातात घेते. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी आमच्या बचत गटातल्या बायांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. खोटं नाही ते.

२०२५ मध्ये आला 'मिसेस', आरती कडवचा. 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम सिनेमावरून केलेला. यात कुणी सुनेला मारत नाही, जाळत नाही. सासरे गोड बोलतात. फक्त त्यांना मिक्सरमधली चटणी चालत नाही, पाट्यावरचीच लागते! आमच्या भिशीतल्या चौघींनी हा सिनेमा स्वयंपाकघरात, कानात वायर घालून, तुकड्या-तुकड्यानं पाहिला. एकीनं तर कुकरची शिट्टी होईस्तोवर, असं करत आठ दिवसांत संपवला. 'माहेरची साडी'तली सासू आपल्या घरी नसते, म्हणून आपण सुटतो. पण ती चटणी? ती बहुतेकींच्या घरी आहे. नव्या सिनेमांनी हे चांगलं केलं की खलनायकाचा मेकअप पुसला आणि सवयीकडे बोट दाखवलं.

पण नव्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'ला आम्ही सोळा जणी दोन गाड्या करून नागपूरला गेलो. साठ-पासष्ट किलोमीटर गाणी म्हणत! गॉगल लावून फोटो काढले. सहा बहिणी, त्यांची रुसवीफुगवी, रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते... हसलो, रडलो, मजा आली. पण येताना मागच्या सीटवरची एक म्हणाली, "आपल्याकडे कुठं असते वो मंगळागौर? आपली तर भुलाबाई." खरंच की! पडद्यावरचं बाईपण बहुतेक पुण्या-मुंबईचंच असतं. धानाच्या बांधीत कमरेएवढं वाकून रोवणा करणारी बाई त्यात कुठं असते? आपली बोली तर वर्षानुवर्षं हसवायलाच वापरली. २००९ च्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये सतीश मनवरांनी विदर्भातल्या शेतकऱ्याची बायको दाखवली. नवरा जिवाचं काही करेल या धाकानं ती पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. त्या बाईला मी ओळखते. तुम्हीही ओळखत असाल.

आणि 'सैराट'? २०१६ मध्ये गावोगाव त्या गाण्यांवर पोरी नाचल्या. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते. माझे तिन्ही प्रश्न तिला लावा. 'नाही' म्हणते. हैदराबादला कारखान्यात काम करून कमावते. सुमनअक्का तिच्या पाठीशी उभी राहते. तिन्ही आहेत! तरी शेवटी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. थिएटरातून बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जातीच्या नावानं रक्त सांडतं, हे आपल्या जिल्ह्याला सिनेमानं शिकवायची गरज नव्हती. २००६ सालचं मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. 'सैराट'नं माझं सूपच माझ्या हातातून काढून घेतलं. बाईनं सगळं नीट केलं तरी भोवतीचे लोक बदलले नाहीत, तर तिचं भलं होत नाही. मग प्रश्न तिला नाही, आपल्याला आहे.

यावरून शेवटचा सिनेमा सांगते, 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, आपल्याकडे २०२५ च्या मार्चमध्ये लागला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथलीच माणसं, आपलीच बोली. सविता नावाची कॉलेजात शिकणारी पोरगी. पाहुणे येतात, ती पाटावर बसते. नाव काय, उंची किती, शिक्षण किती, शेतातलं काम येते का? पाहुणे जातात. पुन्हा नवे येतात, पुन्हा पाट, पुन्हा तेच प्रश्न. सिनेमा सुरू होतो तो मात्र उलटा. बायका बसल्यात, मुलगा समोर बसलाय आणि त्याला प्रश्न विचारले जाताहेत. थिएटरात सगळे हसले. मीही हसले. मग वाटलं, हसू का आलं? मुलीला विचारताना तर कधी कुणी हसत नाही!

हे वाटणं घरी घेऊन आले आणि मग जरा भानगड झाली. उन्हाळ्यात माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले. पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, हुशार आहे. त्यांचे प्रश्न झाले. उभी राहा म्हणाले, चालून दाखव म्हणाले. मग मी हात जोडून म्हटलं, "आता आम्ही विचारू का?" आणि मुलाला विचारलं, "बाबू, उंची किती जी तुमची? पगार हातात किती येतो? स्वयंपाक येतो का? हिची परीक्षा तीन वर्षं चालली तर घर सांभाळाल?" बैठकीत शांतता. मुलगा बिचारा लाल झाला. त्याची आत्या म्हणाली, "बाई फारच शिकलेल्या दिसतात तुमच्याकडच्या."

दुसऱ्या दिवशी नकार आला. दीर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. जाऊ म्हणाली, "सिनेमे पाहून पाहून तुमचं डोकं फिरलं. पोरीचं स्थळ गेलं त्याचं काय?" मलाही रात्री झोप आली नाही. खरंच चुकलं का माझं? दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर मी माझ्या गव्हाच्या डब्याखालच्या पत्राची भरपाई तर करत नव्हते? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि त्याचं उत्तर 'थोडंसं हो' असंच आहे. पोरीला आधी विचारायला हवं होतं मी.

म्हणून मग तिलाच विचारलं. ती पोह्याच्या बश्या विसळत होती. न वळता म्हणाली, "काकू, पुढच्या खेपेला माले आधी सांगजो. दोन प्रश्न मीच विचारीन."

तर हा माझा निकाल, भिशीवाल्यांनो. जुने चांगले की नवे, हा वाद सोडून द्या. १९३७ ची नीरा माझ्यापेक्षा पुढारलेली होती, आणि आजही लागणाऱ्या कितीतरी मालिका १९९१ च्या मागं आहेत. सिनेमा पाहून रडा, हसा, गाडी करून नागपूरला जा. तंबू गेले, आमच्या गावातलं थिएटरही बंद पडलं, आता जो तो आपापल्या मोबाइलवर एकटा बघतो. पण बाई एकटीनं सिनेमा बघते तेव्हा फक्त रडते. चौघींनी मिळून बघितला की भांडते, विचारते, आणि एखादी मागं खाटेवरून बोलते, "मले कोनी सांगतलंच नाही माय."

पुढच्या भिशीला आम्ही 'उंबरठा' लावणार आहोत. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, माझी खुर्ची समोर पाहिजे, आवाज मोठा पाहिजे. आणि मीही ठरवलंय, या वेळी मान डोलवायच्या आधी जरा थांबायचं.

तुमच्याकडे कोणता लावताय?